इक्विटी रिसर्चमध्ये यायचंय आणि एकाच सेक्टरमध्ये अडकायचं नाहीये? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कोणाचा तरी पुतण्या, भाची, नाहीतर सोसायटीतल्या काकूंचा मुलगा असे फोन सुरू होतात, "दादा, इक्विटी रिसर्चमध्ये यायचंय, सीएफए करू का एमबीए, आणि कुठला सेक्टर घेऊ?" प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून आता एकदाच लिहून काढतोय. मी ऑटो अ‍ॅन्सिलरीपासून (म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या) सुरुवात केली, मग सिमेंट, मग बँका-एनबीएफसी (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या कंपन्या), मध्ये थोडं फार्मा, आणि आता पुण्यातच एका छोट्या पीएमएसमध्ये (मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे सांभाळणारी संस्था) जे समोर येईल ते बघतो. त्यामुळे "मल्टी-सेक्टर अ‍ॅनालिस्ट व्हायचंय" असं कोणी म्हटलं की माझं मत ठरलेलं आहे. सगळंच थोडं थोडं येणारा माणूस कोणालाच नको असतो. एक सेक्टर आतून-बाहेरून माहीत असलेला माणूस दुसरा लवकर शिकतो आणि दोन आले की तिसरा अजून लवकर. क्रम एवढाच आहे, पण तो उलटा करायला सगळे बघतात.

१. आधी हे काम काय आहे ते बघा

टीव्हीवर जे "टार्गेट अमुक, स्टॉपलॉस तमुक" चालतं ते हे काम नाही. चार्ट बघणं पण नाही. कंपनी पैसे कशी कमावते, पुढच्या दोन-तीन वर्षांत किती कमावेल आणि आजच्या भावात त्यातलं किती आधीच धरलेलं आहे, एवढंच शोधायचं आणि ते लिहून दुसऱ्याला पटवायचं. निम्मं काम वाचन, पाव एक्सेल, उरलेलं फोनवर बोलणं आणि लिहिणं.

नोकऱ्या ढोबळमानाने चार जातीच्या. सेल साइड म्हणजे ब्रोकिंग हाउसचा रिसर्च डेस्क, इथे रिपोर्ट बाहेर जातो, फंडवाले तो वाचतात आणि चुकलात तर सगळ्यांना दिसतं. बाय साइड म्हणजे म्युच्युअल फंड, इन्शुरन्स कंपन्या, पीएमएस, इथे रिपोर्ट घरातच राहतो पण त्यावर खरे पैसे लागतात. तिसरी जात केपीओ, म्हणजे परदेशी बँका आणि फंडांसाठी इथून मॉडेल (कंपनीच्या पुढच्या कमाईचा एक्सेलमधला अंदाज) आणि रिपोर्टचं काम करणाऱ्या कंपन्या, आणि पुण्यात फ्रेशरसाठी सगळ्यात उघडं दार हेच आहे. चौथी क्रेडिट रेटिंग. तिथे प्रश्न वेगळा असतो, शेअर वाढेल का हा नाही, कर्ज फेडेल का हा. पण पाया घडवायला रेटिंगसारखी जागा नाही, कारण तिथे कमी वेळात वेगवेगळ्या धंद्यांच्या बॅलन्स शीट हाताखालून जातात आणि प्रमोटरला समोरासमोर प्रश्न विचारायची सवय लागते.

वेळापत्रकही आधीच माहीत असू दे. लिस्टेड कंपनीने तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल लावायचे असतात, मार्च तिमाही आणि वर्षाचे ६० दिवसांत. म्हणजे १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे या तारखांच्या आधीचे तीन-चार आठवडे तुमचे नसतात. गणपतीत सुट्टी आरामात मिळते, दिवाळीत मात्र फराळ करता करता कॉनकॉल (निकालानंतर मॅनेजमेंट फोनवर प्रश्नांना उत्तरं देते तो) ऐकायची तयारी ठेवा. घरच्यांना पहिल्या वर्षीच सांगून टाका.

२. कागदपत्रं आणि परीक्षा

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- पदवीचं सर्टिफिकेट आणि सगळ्या मार्कशीट (बॅकलॉग असतील तर त्याही, केपीओमध्ये बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन कडक असतं)
- पॅन, आधार, आणि पासपोर्ट नसेल तर आत्ताच अर्ज करा
- एनआयएसएम सिरीज १५, म्हणजे रिसर्च अ‍ॅनालिस्टचं सर्टिफिकेट
- तुम्ही स्वतः बनवलेलं एक पूर्ण मॉडेल आणि एक रिपोर्ट (हे डिग्रीपेक्षा जास्त चालतं, पुढे येतंच)
- एक पानी सीव्ही, ज्यात "पॅशनेट अबाउट मार्केट्स" हे वाक्य नसेल

एनआयएसएम सिरीज १५ ही सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०१४ च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांमुळे लागते. पास व्हायला ६० टक्के, चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं आणि मग रिन्यू करावं लागतं. वर्कबुक एनआयएसएमच्या साइटवरून मिळतं, ते दोनदा नीट वाचा, क्लास लावायची अजिबात गरज नाही. ही परीक्षा दिली म्हणून नोकरी मिळत नाही, पण दिलेली असली की एचआरचा एक प्रश्न कमी होतो.

सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) हवंच का? हवंच असं नाही. तीन लेव्हल, फी डॉलरमध्ये, प्रत्येक लेव्हलला साधारण ३०० तास अभ्यास धरायला सांगतात, आणि तिन्ही पास झालात तरी चार्टर मिळायला किमान ३६ महिन्यांत ४००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. माझं म्हणणं, पहिली लेव्हल द्या, आवड आहे का ते कळेल, आणि बाकीच्या दोन नोकरी करता करता द्या. नोकरी सोडून तिन्ही लेव्हल देत घरी बसलेली मुलं मी बघितलीत, त्यांना इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न मधल्या गॅपचाच येतो. सीए असाल तर अकाउंट्सची चिंता नाही, फक्त "हिशोब बरोबर आहे का" या सवयीतून "पुढे काय होईल" या सवयीत यायला वेळ लागतो. इंजिनिअरांचं उलटं. त्यांना फॅक्टरी कळते, वर्किंग कॅपिटल कळत नाही. गोखले इन्स्टिट्यूटमधून अर्थशास्त्र करून आलेली मुलं मॅक्रोत चांगली असतात पण त्यांनी एक्सेलवर मेहनत घ्यायलाच हवी.

एक सावधगिरी. स्वतःच्या नावाने सेबीकडे रजिस्टर व्हायचे पात्रतेचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये सैल केलेत, पण कुठली पदवी चालते ते सेबीच्या साइटवर मूळ नियमांतच वाचा, व्हिडिओ बघून ठरवू नका.

३. अकाउंट्स आणि एक्सेल

इथे शॉर्टकट नाही. प्रॉफिट अँड लॉस, बॅलन्स शीट आणि कॅश फ्लो ही तीन पत्रकं एकमेकांना जोडलेली आहेत आणि एकात काही हललं की बाकी दोनात काय हलतं हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं. इंटरव्ह्यूचा ठरलेला प्रश्न घ्या, घसारा १०० रुपयांनी वाढला तर काय होईल? टॅक्स २५ टक्के धरला तर करपूर्व नफा १०० ने कमी, टॅक्स २५ ने कमी, निव्वळ नफा ७५ ने कमी. कॅश फ्लोमध्ये नफा ७५ ने कमी पण घसारा १०० परत मिळवायचा, म्हणजे कॅश २५ ने वाढली. बॅलन्स शीटवर कॅश २५ वर, मालमत्ता १०० खाली, म्हणजे एकूण ७५ खाली, आणि दुसऱ्या बाजूला रिझर्व्ह ७५ खाली. जुळलं. हे पाठ करून उपयोग नाही, कारण पुढचा प्रश्न "आता इन्व्हेंटरी १०० ने वाढली" असा येतो.

एक्सेलमध्ये कंपनीचा मागच्या पाच वर्षांचा डेटा अ‍ॅन्युअल रिपोर्टमधून हाताने टाईप करा. हो, हाताने. स्क्रीनरसारख्या साइटवरून डाउनलोड करता येतो, नोकरी लागल्यावर तेच कराल, पण पहिल्या मॉडेलला नाही, कारण टाईप करतानाच नजरेला पडतं की यावर्षी "अदर इन्कम" अचानक का फुगलं आणि टीप क्रमांक ३४ मध्ये काय लपलंय. इनपुट निळ्या रंगात, फॉर्म्युले काळ्या. फॉर्म्युलाच्या पोटात आकडा ठोकून ठेवायचा नाही, ही सवय लागली की सिनिअर खूश.

डेटा जोडताना दोन-तीन खड्डे आहेत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, त्याआधी विक्रीत एक्साइज धरलेली असायची, म्हणून २०१७-१८ ची विक्री काही कंपन्यांत उगाच कमी वाढलेली दिसते. एप्रिल २०१९ पासून लीजचा नवा नियम आला, त्यामुळे रिटेल, मल्टिप्लेक्स, हॉटेल अशा भाड्याच्या जागेवर चालणाऱ्या धंद्यांचं भाडं घसारा आणि व्याजात गेलं आणि एबिटा (व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) रातोरात सुधारला. धंदा होता तिथेच होता. आणि कोविडचं २०२०-२१ हे वर्ष बेस धरून काढलेली कुठलीही ग्रोथ दोनदा तपासा.

४. पहिला सेक्टर निवडा, आणि पुण्यात राहताय त्याचा फायदा घ्या

मुंबईतल्या मुलांकडे बीकेसी आहे, आपल्याकडे कारखाने आहेत. हा फायदा किती मोठा आहे ते पुण्यातल्या पोरांना कळतच नाही, सगळे जण हातात असलेली बजाज ऑटो सोडून अमेरिकेतल्या टेक कंपन्यांची मॉडेलं बनवून सीव्हीला लावतात. आकुर्डीला बजाज ऑटो आणि फोर्स मोटर्स, मुंढव्यात भारत फोर्ज, खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, शिवाय कमिन्स इंडिया, थरमॅक्स, सेनापती बापट रोडला पर्सिस्टंट, हिंजवडीत केपीआयटी आणि प्राज, शिवाजीनगरला लोकमंगलमध्ये बँक ऑफ महाराष्ट्र, बजाज फायनान्सही आपल्याच गावची. इंजिनिअरिंग, आयटी, बँक, एनबीएफसी, इथेनॉल, सगळं रिंगरोडच्या आतबाहेर.

निवडायचं कसं? ज्या धंद्यातली माणसं तुम्हाला माहीत आहेत तो घ्या. वडील भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट चालवत असतील तर ऑटो अ‍ॅन्सिलरी तुमचा. घरी ऊस असेल तर साखर. मामा बँकेत असेल तर बँका. साखर हा सेक्टर मला तर शिकायला फार आवडतो, कारण सगळं इथेच आहे, साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला, आणि गाळपाच्या बातम्या मराठी पेपरात सविस्तर येतात. ऊसदर सरकार ठरवणार, इथेनॉलचा दर सरकार ठरवणार, निर्यात चालू की बंद तेही सरकारच. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं आणली आणि साखर कंपन्यांची मॉडेलं एका दिवसात बदलावी लागली. पॉलिसी रिस्क म्हणजे काय हे पुस्तकात वाचण्यापेक्षा हा एक प्रसंग नीट समजून घ्या.

कंपनी निवडली की वाचायचा माझा क्रम असा आहे. आधी अ‍ॅन्युअल रिपोर्टमधलं मॅनेजमेंट डिस्कशन, मग थेट नोट्स, मग ऑडिटरचा रिपोर्ट, आणि चेअरमनचं पत्र सगळ्यात शेवटी. त्यानंतर मागच्या आठ तरी तिमाह्यांचे कॉनकॉल ट्रान्सक्रिप्ट. हे बीएसई-एनएसईच्या साइटवर फुकट असतात. जुना कॉल आधी वाचा, नवा नंतर, आणि मॅनेजमेंट काय करणार म्हणाली होती ते एका कॉलममध्ये आणि काय केलं ते शेजारी लिहा. "पुढच्या तिमाहीपासून प्लँट सुरू" हे वाक्य सलग पाच तिमाह्या दिसलं की तुम्हाला त्या कंपनीबद्दल जे कळतं ते कुठल्याही रेशोमधून कळणार नाही. मग स्पर्धकांचे कॉल. एकजण म्हणतो मागणी जोरात, दुसरा म्हणतो डीलरकडे स्टॉक पडून आहे, खरं कोण बोलतंय ते बघायला सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरचे गाड्यांच्या रजिस्ट्रेशनचे आकडे आहेत. कंपनी महिन्याच्या सुरुवातीला जे विक्रीचे आकडे देते ती डीलरला पाठवलेली गाडी असते, गिऱ्हाईकाने घेतलेली नाही. हा फरक न कळल्याने किती नवखे आपटतात.

आणि बाहेर पडा. चाकणला, भोसरीला, एखाद्या टू-व्हीलरच्या डीलरकडे, ट्रान्सपोर्ट नगरला निगडीत. मराठीत बोललात, चहा घेतलात की माणसं मोकळी होतात, "सध्या दोन शिफ्ट चालू आहेत, दिवाळीनंतर तिसरी सोडू" असं एखादा सुपरवायझर सहज सांगून जातो. अशा तुकड्या-तुकड्यांतून चित्र जमवणं हेच काम आहे. पण एक रेघ ओलांडायची नाही. कंपनीच्या अकाउंट्समधला मित्र जर निकाल लागायच्या आधी नफ्याचा आकडा सांगायला लागला तर तिथेच थांबवा. ती न जाहीर झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती झाली, इनसायडर ट्रेडिंगच्या नियमात तुम्हीही येता आणि तोही येतो.

पहिल्या सेक्टरमध्ये किती राहायचं? तेजी-मंदीचं एक पूर्ण चक्र दिसेपर्यंत. फक्त तेजी बघून सेक्टर बदललात तर तुम्ही तो शिकलाच नाहीत.

५. सेक्टर बदलताना काय बरोबर न्यायचं आणि काय मागे ठेवायचं

हा या लेखातला मुख्य भाग आहे, बाकी घाईत वाचलंत तरी हा नीट वाचा.

बरोबर न्यायचे प्रश्न सगळीकडे तेच. गिऱ्हाईक कोण, तो पैसे कधी देतो, खर्चातला सर्वात मोठा आकडा कुठला आणि तो कोणाच्या हातात आहे, क्षमता वाढवायला किती पैसा आणि वेळ लागतो, आणि वाईट वर्षात ही कंपनी जगते का. आता मागे काय ठेवायचं? मोजपट्टी. एका सेक्टरची मोजपट्टी दुसऱ्याला लावणारा अ‍ॅनालिस्ट म्हणजे प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट घालणारा स्वयंपाकी. पीई (भाव भागिले शेअरमागचा नफा) कमी, म्हणून स्वस्त, हे त्यातलं पहिलं कूट.

*ऑटो अ‍ॅन्सिलरीतून सिमेंटमध्ये* जाताना मला पहिल्यांदा कळलं की सिमेंट हा देशभराचा धंदा नाहीच, तो शे-दोनशे-तीनशे किलोमीटरचा धंदा आहे, कारण माल जड आणि स्वस्त, वाहतूकच मार्जिन खाते. म्हणून कंपनी पश्चिमेत किती विकते, दक्षिणेत किती, हे आधी बघा. मार्जिन टक्क्यांत बघू नका, टनामागे एबिटा किती तो बघा. पेटकोक-कोळसा या इंधनांचे भाव थोडे उशिरा आकड्यात येतात. आणि पावसाळ्याची तिमाही कमकुवतच असणार, तिची तुलना आधीच्या तिमाहीशी करून घाबरायचं नाही, मागच्या पावसाळ्याशी करायची.

शिवाय तेजी-मंदीचं चक्र, म्हणजे सायकल. स्टील, साखर, केमिकल, सिमेंट यांत नफा शिखरावर असतो तेव्हा पीई सगळ्यात कमी दिसतो, आणि नवखा म्हणतो "वा, सहाच्या पीईला मिळतोय." तो नफा टिकणार नाही हे बाजाराला आधीच कळलेलं असतं.

*उत्पादनातून बँका-एनबीएफसीत* जाणं हा सर्वात मोठा धक्का. एबिटा विसरा, त्याला तिथे अर्थच नाही, कारण व्याज हाच त्यांचा कच्चा माल. ऑपरेटिंग कॅश फ्लो निगेटिव्ह दिसला म्हणून घाबरू नका, वाढणाऱ्या एनबीएफसीचा तो असणारच, दिलेलं कर्ज तिथेच दिसतं. कारखान्यात विक्री वाढली की साधारण आनंद असतो, इथे कर्ज वेगाने वाढलं की संशय घ्यायचा, कारण वाईट कर्ज दिल्यादिवशी चांगलंच दिसतं, दोन-तीन वर्षांनी वास येतो. बघायचं काय तर निव्वळ व्याज मार्जिन, नव्याने किती कर्ज थकलं, क्रेडिट कॉस्ट (बुडणाऱ्या कर्जांसाठी धरलेला खर्च), कासा ठेवी (करंट आणि सेव्हिंग खात्यांतल्या), आणि मग भाव-पुस्तकी मूल्य हे आरओईच्या (भागधारकांच्या पैशावरचा परतावा) शेजारी ठेवून. एनबीएफसीत अजून एक, पैसे किती मुदतीचे उचललेत आणि किती मुदतीचे दिलेत. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना कर्ज देणारी कंपनी कोसळल्यावर बाजाराने अचानक फक्त हाच एक प्रश्न विचारायला सुरुवात केली होती.

*फार्मा*मध्ये निकालापेक्षा इन्स्पेक्शन महत्त्वाचं. यूएसएफडीएचा (अमेरिकेची औषध नियामक संस्था) फॉर्म ४८३, म्हणजे प्लँटच्या तपासणीतल्या निरीक्षणांची यादी, आला म्हणजे जग बुडालं असं नाही, निरीक्षणं काय आहेत ते वाचावं लागतं, डेटा इंटेग्रिटीचं निरीक्षण असेल तर मात्र गंभीर. वॉर्निंग लेटर वेगळं, त्यात नवीन मंजुऱ्या अडकतात. केमिस्ट्री येत नसेल तर फार्मातल्या मित्राला धरा, मी तेच केलं.

*आयटी*त डॉलरच्या चढउताराने वाढ दिसते म्हणून कॉन्स्टंट करन्सी ग्रोथ (विनिमय दर बदलला नाही असं धरून काढलेली वाढ) बघायची, डिसेंबर तिमाही गिऱ्हाईकांच्या सुट्ट्यांमुळे मऊ असते, आणि पगारवाढ कुठल्या तिमाहीत दिली त्यावर मार्जिन हलतं. *रिअल इस्टेट*मध्ये जाहीर झालेला नफा जवळजवळ निरुपयोगी, कारण बऱ्याच प्रोजेक्टची विक्री बांधकाम पूर्ण झाल्यावर हिशोबात येते, तीन वर्षांपूर्वी विकलेला फ्लॅट आज दिसतो. प्री-सेल्स (नवीन बुकिंग) आणि कलेक्शन (हातात आलेले पैसे) बघा, महारेराच्या साइटवर प्रोजेक्टनिहाय माहिती आहे, आणि वाकड-बाणेर-खराडीत राहत असाल तर शनिवारी साइटवर गिऱ्हाईक म्हणून जाऊन या.

मग मल्टी-सेक्टर असण्याचा फायदा काय? एका सेक्टरमधली बातमी दुसऱ्यात कुठे उमटते ते दिसायला लागतं. उदाहरण देतो. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकचा कायदेशीर एक्सल लोड वाढवला, जड ट्रकांना २० ते २५ टक्के जास्त माल नेता येऊ लागला. सिमेंटवाल्याला ही चांगली बातमी, टनामागे वाहतूक स्वस्त होऊ शकते. ट्रक बनवणाऱ्याला वाईट, कारण रस्त्यावरचे जुने ट्रकच जास्त माल नेणार, नवे कशाला लागतील. ट्रकला फोर्जिंग पुरवणाऱ्याला मग ओघाने वाईट, पण त्याची अमेरिकेत निर्यात मोठी असेल तर तिथल्या ट्रक ऑर्डरी बघायच्या. आणि ट्रकला कर्ज देणाऱ्या एनबीएफसीच्या गिऱ्हाईकाला भाडं मिळतंय का, हप्ता भरतोय का, हा चौथा प्रश्न. एकच नोटिफिकेशन, चार सेक्टर. फक्त ऑटो बघणाऱ्याने पहिल्या दिवशी एकच ओळ लिहिली असती.

म्हणून दुसरा सेक्टर निवडताना पहिल्याच्या वर किंवा खालचा घ्या. ऑटोवरून वाहनकर्ज, सिमेंटवरून रिअल इस्टेट, साखरेवरून इथेनॉल आणि प्राजसारख्या भांडवली माल बनवणाऱ्या कंपन्या. ऑटोवरून एकदम फार्मात उडी मारलीत तर सगळं शून्यातून.

६. नमुना रिपोर्ट

आठ-दहा पानं पुरे. पहिल्या पानावर तुमचं म्हणणं, भाव, आणि तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल असं नेमकं काय घडलं तर, हे लिहा. हे शेवटचं नवखे कधीच लिहीत नाहीत आणि समोरचा सिनिअर तेच शोधत असतो. सगळ्यांनी कव्हर केलेली मोठी कंपनी घेऊ नका, मध्यम आकाराची घ्या, जिथे तुम्ही डीलरशी बोललात, प्लँटच्या गेटपर्यंत गेलात. चार "सेल" लिहा असं नाही, पण सगळ्याच कंपन्या "बाय" असतील तर शंका येते. आणि सध्या एआयकडून रिपोर्ट लिहून आणणारे बरेच आहेत, दोन प्रश्नांत उघडे पडतात, "हा ११ टक्के व्हॉल्यूम ग्रोथ कुठून आला?" एवढं विचारलं की संपलं.

७. नोकरी: पुणे की मुंबई

पुण्यात क्रिसिल, एसजी अ‍ॅनालिटिक्स, ट्रेसव्हिस्टा यांच्यासारख्या ठिकाणी आणि खराडी-येरवड्याच्या परदेशी बँकांच्या सेंटरमध्ये रिसर्चची कामं आहेत. शिवाय आता छोटे पीएमएस आणि फॅमिली ऑफिसही (एका श्रीमंत कुटुंबाचे पैसे सांभाळणारी) दिसायला लागलेत. पण भारतीय कंपन्यांवरचं सेल साइडचं मुख्य काम अजून मुंबईतच आहे, मॅनेजमेंट मीट तिथे, फंड मॅनेजर तिथे. डेक्कन क्वीनने अप-डाउन करून रिसर्च होईल हा विचार सोडा, निकालाच्या दिवशी संध्याकाळी सहाला कॉल सुरू होतो आणि नोट रात्री जाते. दोन-तीन वर्षं मुंबईत खोली घेऊन राहा, मग परत या.

केपीओत जाताना इंटरव्ह्यूत तुम्हीही विचारा. मी मॉडेल स्वतः बनवणार की फक्त आकडे अपडेट करणार? क्लायंटशी मी बोलणार का? माझा सेक्टर कुठला? माझ्या एका मैत्रिणीला "इक्विटी रिसर्च" सांगून घेतलं आणि दोन वर्षं पीडीएफमधून एक्सेलमध्ये आकडे चढवायला लावले. कंपनीचं नाव मोठं असून उपयोग नाही, टीम कुठली ते विचारा.

अर्ज पोर्टलवर टाकून बसू नका. ज्या अ‍ॅनालिस्टचा सेक्टर तुमच्या रिपोर्टचा आहे त्याला थेट मेल करा, चार ओळी, रिपोर्ट जोडलेला. निकालाच्या सीझनमध्ये पाठवू नका, कोणी उघडत नाही. सप्टेंबर किंवा मार्च बरा.

८. नियम, जे पहिल्या दिवसापासून लागू

ज्या शेअरवर तुम्ही रिपोर्ट काढताय त्यात रिपोर्टच्या ३० दिवस आधी आणि ५ दिवस नंतर तुम्हाला व्यवहार करता येत नाही. तुमच्याकडे आधीपासून असेल तर जाहीर करावं लागतं. बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, घरच्यांच्या डिमॅटचीही माहिती मागतात. भाऊ, वहिनी, सासरे, कोणाला टिप द्यायची नाही. लग्नकार्यात "काय घेऊ सांग की रे" हा प्रश्न दहा जण विचारतील, तेव्हा "आमच्याकडे चालत नाही" एवढंच. आणि रजिस्ट्रेशन नसताना टेलिग्रामवर पैसे घेऊन शेअर सुचवणं बेकायदेशीर आहे, रजिस्टर्ड अ‍ॅनालिस्टला आयएनएच ने सुरू होणारा नंबर असतो. हा जोडधंदा करून वर नोकरीचा इंटरव्ह्यू देणारे भेटतात, तो इंटरव्ह्यू तिथेच संपतो.

९. ऑफर लेटर हातात आल्यावर

सही करण्याआधी चार गोष्टी बघा. नोटीस पिरियड ३ महिन्यांचा असेल तर पुढची नोकरी बदलताना त्रास होतो, सेल साइडवाले तेवढं थांबत नाहीत. बॉन्ड आहे का, ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे अडकवतात का. शिफ्ट कुठली, अमेरिकन क्लायंट असेल तर रात्री अकराला खराडीहून कोथरूडला कॅब देतात का. आणि सेक्टर लेखी मागा, निदान मेलवर तरी. "जॉइन झाल्यावर ठरवू" म्हणाले तर कुठल्या दोन-तीन टीममध्ये जागा आहे ते विचारून घ्या, आणि त्या टीममधल्या एखाद्या ज्युनिअरला लिंक्डइनवर गाठून त्याचा मागचा आठवडा कसा गेला ते विचारा. एचआर जे सांगत नाही ते तो दहा मिनिटांत सांगतो.